मौजे सावरशेत, बेचिराख

आमच्या दादाला सदुसष्टाव्या वर्षी गाव हवं झालं. जन्म पुण्यातला, दवाखाना पुण्यात, चाळीस वर्षं लोकांच्या दाढा उपटल्या त्याही पुण्यातच. खेड्याशी त्याचा संबंध हुरडा पार्टीपुरता, आणि तिथूनही तो पोट बिघडल्याचं निमित्त करून लवकर निघायचा. पण २०४४ साली सगळ्या शहाण्यासुरत्या माणसांना गाव हवं झालं होतं आणि दादा कशातच मागे राहणाऱ्यांतला नव्हता.

ही साथ आणली ग्रामशोधकाने. ग्रामशोधक म्हणजे एक संगणकप्रणाली. तिला दोनशे वर्षांचे मोजणीचे नकाशे, हद्दीच्या दगडांची टिपणं, देवळांच्या वह्या, मोडीतली सनदापत्रं, जे जे दप्तरांतून वाळवीच्या तोंडून वाचलं होतं ते सगळं वाचायला दिलं. एका कागदात गावाचं नाव, दुसऱ्यात ओढ्याचं, तिसऱ्यात कुठल्याशा वडाची खूण. हे सगळं उपग्रहाच्या चित्राशी जुळवून ती हरवलेल्या गावाची हद्द दुपारभरात आखून देऊ लागली. मला हे काम करायला महिने लागत. पहिल्या वर्षातच तिने साडेचार हजार गावं शोधली, जी जुन्या दप्तरात 'बेचिराख' म्हणून नोंदलेली होती. बेचिराख म्हणजे जिथे दिवा लागत नाही, वस्ती नाही, असं गाव.

झालं. ज्यांच्या आडनावाच्या शेवटी 'कर' होतं ते आधीच ताठ मानेने फिरत. आम्ही पडलो पुराणिक. आडनावात धंदा आहे, पत्ता नाही. अशा पत्ता नसलेल्या लोकांनी मग मंडळं काढली, फेटे बांधले, बोधचिन्हं छापली आणि सरकारकडून कायदा करून घेतला: मूळग्राम पुनरुज्जीवन कायदा. बेचिराख गावाच्या मूळ रहिवाशांचे वंशज सिद्ध झाले, तर गावठाणाची जागा त्यांना पुन्हा वसवायला मिळणार. अट एकच. तिथली शेवटची चूल विझून पन्नास वर्षं झालेली असली पाहिजेत, आणि तसा तज्ज्ञाचा दाखला हवा.

तो दाखला देणारी तज्ज्ञ मी. मुग्धा पुराणिक, वय एकसष्ट, मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त, सध्या एका ग्रामशोध केंद्रात सल्लागार. दादाने माझ्या पुढ्यात मोडीतला एक कागद टाकला तेव्हा त्याचे डोळे जितके पाणावले होते तितके त्याच्या कुठल्याही रुग्णासाठी पाणावलेले मी कधी पाहिले नव्हते.

"१७९१! हरभट पुराणिकांना मौजे सावरशेत इनाम! मुग्धा, आपण सावरशेतचे आहोत."

"दादा, इनाम दिलंय. तिथे राहिल्याचं कुठे लिहिलंय?"

"गाव इनाम मिळाल्यावर माणूस राहील कुठे?"

इनामदार माणूस सहसा कुठे राहतो हे मी त्याला सांगू शकले असते, पण त्याच्या मंडळात तोवर बासष्ट कुटुंबं झाली होती आणि वेशीच्या कमानीचं चित्रही तयार होतं. चाळीस बंगले, मध्ये देऊळ, बाजूला चुलीवरच्या जेवणाची सोय. चुली ठेकेदार पेटवणार होता.

सावरशेत हे नाव मला नवं नव्हतं. २०२७ च्या ड्रोन मोजणीत कोकणाच्या डोंगराळ भागातली दोनशे बारा लहान गावं माझ्याकडे आली होती. पडद्यावर वरून काढलेलं चित्र यायचं, छपरं दिसली तर 'वस्ती आहे', नाही दिसली तर 'वस्ती नाही'. मी ती दोनशे बारा गावं अडीच दिवसांत उरकली आणि त्या वेगाबद्दल मला खात्याचं प्रशस्तिपत्रक मिळालं. सावरशेतपुढे 'वस्ती नाही' असं लिहून केलेली सही माझी आहे. दादाला याचं फार कौतुक होतं. घरच्याच बाईने आधीच अर्धं काम करून ठेवलं होतं.

*

फेब्रुवारीत मंडळ सावरशेतला गेलं. नऊ गाड्या. ओढा कोरडा होता, त्यातूनच गाड्या वर चढल्या. सावरी फुलल्या होत्या आणि खाली लाल फुलांचा खच पडला होता. गाडीतून उतरताच एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने माती कपाळाला लावली, मग फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा लावली.

पठारावर पांढरी होती. पिढ्यान् पिढ्या माणसं राहिलेल्या जागेची माती राखेने, शेणाने, खरकट्याने फिकट पडते, तिला पांढरी म्हणतात. त्या पांढरीवर कारवीच्या काठ्यांचे चौकोन उभे होते, शेणामातीने लिंपलेले, बिनछपराचे. आत तीन दगडांच्या चुली. एकूण अकरा.

"हे काय?" मी विचारलं.

"गुराख्यांचे आडोसे," दादा म्हणाला. "वकिलांनी तपासलंय. गेल्या महिन्यात झाडाला नोटीस लावली होती. कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत कळवा म्हणून. एकही हरकत आली नाही."

नोटीस अजून सावरीच्या बुंध्याला होती. कोपरे फडफडत होते. मी अकराही चुलींतून तळापर्यंतच्या मातीचे नळीसारखे लांब नमुने काढले आणि उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत घातले. बाजूला दादा कुणाला तरी हरभटांचा वाडा कुठे असेल ते हाताने दाखवत होता. त्याने दाखवलेल्या जागी कातळ होता. तिथे वाडा सोडा, खुंटसुद्धा ठोकता आला नसता.

*

चूल कधी विझली हे कळण्याचं शास्त्र तसं जुनं आहे. मातीत गारगोटीचे बारीक कण असतात. आजूबाजूच्या मातीतला किरणोत्सार त्यांच्यावर सतत मारा करत राहतो आणि त्या माऱ्याने सुटलेले इलेक्ट्रॉन कणांच्या स्फटिकातल्या खाचांमध्ये अडकून बसतात. वर्षागणिक ते वाढत जातात. कण चुलीत तापला की सगळे एकदम मोकळे होतात आणि हिशेब शून्यावर येतो. चूल थंड झाली की पुन्हा भरती सुरू. पुढे कधीतरी त्या कणावर ठरावीक रंगाचा प्रकाश टाकला की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि जाताना अंधुक उजेड देतात. तो उजेड मोजायचा. जास्त उजेड, म्हणजे चूल विझून जास्त काळ गेला.

पूर्वी यात दहावीस वर्षांची चूक सहज व्हायची. आमच्या केंद्रातलं यंत्र एकेक कण सुटा तपासतं, हजारो कण, आणि वर चुलीचे थरही वाचतं. कारण चूल दरवर्षी लिंपली जाते. जुन्या लिंपणावर नवं बसतं आणि त्या ओल्या मातीत त्या दिवसांतले परागकण अडकतात. कण वर्ष सांगतो, पराग महिना सांगतात. आम्ही त्याला चूलघड्याळ म्हणतो. पंधरा दिवसांनी त्याने सावरशेतच्या अकरा चुलींचा निकाल दिला.

सर्वांत खालचा थर साधारण १७५० चा, हरभटाला इनाम मिळण्याच्या चाळीस वर्षं आधीचा. सर्वांत वरचा गेल्या ऑक्टोबरचा. मधे सलग, खंड नाही. शेवटची चूल विझून पन्नास वर्षं नव्हे, पाच महिने झाले होते.

मग मी पराग पाहिले. तेरडा, सोनकी, कारवी, भाताची फुलं. सगळं पावसाळ्यातलं आणि त्याच्या शेपटातलं. पळसाचा एकही कण नाही. आंब्याचा नाही. गावाच्या नावात सावर, पठारभर सावरी, आणि अकरा चुलींच्या जवळजवळ तीनशे थरांत सावरीचा एक पराग नाही. सावर फुलते तेव्हा त्या चुली कुणी लिंपत नव्हतं, पेटवतही नव्हतं. ज्येष्ठात पेटणार, दिवाळीनंतर विझणार.

मी सावरशेतच्या जुन्या मोजण्यांच्या तारखा काढल्या. मला लाज वाटली. मोजणी खात्याचा हंगाम कधीचा? दिवाळीनंतर सुरू, मे अखेर बंद. पावसात साखळी ओढता येत नाही, चिखलात यंत्र उभं राहत नाही, म्हणून पावसाळा कचेरीत बसून आकडेमोड करण्याचा. १८६६ चा मोजणीदार जानेवारीत सावरशेतला गेला, त्याला माणूस दिसला नाही, त्याने 'बेचिराख' लिहिलं. १९११ चा मार्चमध्ये गेला, त्याने आधीचं पाहून 'बेचिराख' लिहिलं. १९५८ वाला बहुधा गेलाच नाही. आणि २०२७ मध्ये मी फेब्रुवारीच्या ड्रोनचित्रात छपरं शोधली. पावणेदोनशे वर्षांत एकाही दीडशहाण्याच्या डोक्यात आलं नाही की आपण दर वेळी त्याच महिन्यांत येतो. त्या दीडशहाण्यांत शेवटचा नंबर माझा.

*

त्या लोकांना शोधायला दोन दिवस लागले. पायथ्याच्या गावातल्या रेशन दुकानदाराने सांगितलं, सावरशेतची कातकरी माणसं या दिवसांत वीटभट्टीवर असतात, ऐंशी किलोमीटरवर. बेबी मुकणेला विचारा.

बेबीबाई पन्नाशीची, काटक. डोक्यावर चौदा विटा घेऊन माझ्याशी बोलली, खाली ठेवल्या नाहीत. मागे तिची झोपडी होती आणि तिच्यावर निळी ताडपत्री.

"ही ताडपत्री सावरशेतच्या घरावरची?" मी विचारलं.

"मंग काय दोन दोन घ्याव्या? इकडं येताना छप्पर काढतो, तिकडं जाताना इकडचं काढतो. एकच हाये."

माझ्या चित्रात छपरं का नव्हती त्याचं उत्तर माझ्या समोर फडफडत होतं. मी तिला नोटिशीबद्दल सांगितलं. मंडळाबद्दल, बंगल्यांबद्दल. ती हसली नाही, चिडलीही नाही. विटा टाकून परत आली.

"नोटीस कधी लावली?"

"जानेवारीत."

"आमी जानेवारीत तिथं नाय, हे कुणाला म्हाईत नव्हतं?"

"नाही."

"खालच्या गावातल्या कुत्र्याला पण म्हाईत हाये, बाय." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी मोजणीवाल्या का?"

"होते. सतरा वर्षांपूर्वी तिथे वस्ती नाही असं मीच लिहिलं."

"आलेल्या तिथं?"

"नाही. चित्र पाहून लिहिलं."

ती जमिनीवर थुंकली. माझ्यावर नव्हे, पण फार लांबही नव्हे. "माझा पोरगा त्याच वर्षाला जल्मला तिथं. श्रावणात. पानी एवढं का सुईण पोचली नाय, मी एकटीने नाळ कापली. आन तुमी लिवलं कोन नाय."

मला माफी मागायची होती, पण ती माफी तिच्या काय उपयोगाची होती? मी विचारलं, सुनावणीला याल का. एक दिवस काम बुडेल, ती म्हणाली, आणि पुन्हा विटा उचलायला गेली. जाताना पाठमोरीच म्हणाली, "येतो."

*

दादाला आधी सांगणं मला भाग होतं. त्याच्या दिवाणखान्यात सावरशेतची माती काचेच्या बरणीत ठेवलेली होती, खाली दिवा. वहिनी चहा देऊन आत गेल्या. अहवाल वाचून झाल्यावर दादाने चष्मा काढला.

"हे वरचे थर तू का घेतलेस?"

"चुलीत होते म्हणून."

"तुला मूळ वस्तीचा थर तपासायला सांगितला होता. खालचा. तेवढाच अहवाल दे ना. सतराशे पन्नास. सुंदर आहे. आमच्या कागदाशी जुळतो."

"वर माणसं राहतात, दादा. अकरा घरं, त्रेचाळीस माणसं."

"पाच महिने! पाच महिने राहणं म्हणजे राहणं का? उरलेले सात महिने ते भट्टीवर राहतात, म्हणजे ते भट्टीचे रहिवासी." त्याला स्वतःचाच मुद्दा आवडला. "आणि तू आधीच एकदा लिहून दिलंयस वस्ती नाही म्हणून. आता उलट लिहिलंस तर खोटी कोण ठरेल? तू. बाकीच्या दोनशे अकरा गावांवरही लोक बोट ठेवतील. तुझ्या एकतीस वर्षांचं काय होईल?"

हे त्याचं खरं होतं. त्या दोनशे अकरा गावांतल्या साठ ठिकाणी मंडळांचे पाये खणून झाले होते.

मग तो जवळ येऊन बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "आई शेवटची आठ वर्षं माझ्याकडे होती, मुग्धा. तिचं खाणं, औषधं, कूस बदलणं, सगळं आम्ही दोघांनी केलं. तू तंबू ठोकत हिंडत होतीस. मी कधी एका शब्दाने बोललो? कधी काही मागितलं? आज मागतोय. मला कुठलं तरी असायचंय रे बाळा, मरायच्या आधी."

बाळा म्हणाला. मला रडू फुटलं, आणि त्याच वेळी त्याचा इतका तिटकारा आला की मी चहा तसाच ठेवून उठले. आईची कूस बदलल्याचं माप त्याने त्रेचाळीस माणसांच्या अंगावर ठेवलं होतं. वाईट हे की त्याने आईचं खरोखरच खूप केलं होतं. ते नाकारायचं कसं?

*

सुनावणी मार्चअखेर झाली. सुनावणी अधिकारी आर्या शेलार, बत्तीस वर्षांची, समोर पाण्याची बाटली आणि कागदांचा ढीग. मंडळाचे लोक फेटे घालून आले होते. बेबीबाई आणि आणखी चारजणी मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना बसा असं कुणी म्हणालं नाही, मलाही ते उशिरा सुचलं.

मी चुलींचा निकाल वाचून दाखवला. मंडळाचे वकील धारप उठले. खुशीत होते.

"मॅडम, शासकीय दप्तर चार वेळा म्हणतं बेचिराख. यंत्र म्हणतं वस्ती. या चारपैकी शेवटची नोंद कोणाची?"

"माझी."

"तेव्हा तुम्ही शुद्धीवर होतात ना?"

मंडळ हसलं. दादा हसला नाही, तो माझ्याकडे पाहत होता.

"शुद्धीवर होते. जागेवर नव्हते," मी म्हणाले. "कचेरीत बसून अडीच दिवसांत दोनशे बारा गावांवर सही केली. एकाही गावात पाय ठेवला नाही. ती नोंद खोटी आहे, आणि ती मी केली. बाकीच्या दोनशे अकरा गावांचीही पुन्हा तपासणी व्हावी असा अर्ज मी सोबत जोडला आहे."

शेलारबाईंनी बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?"

"हो."

परिणाम झाले. केंद्राने दुसऱ्याच आठवड्यात मला घरी बसवलं, खात्याने चौकशी लावली, ती अजून चालू आहे. पण त्या दिवशी शेलारबाईंनी दाखला रोखला आणि स्थळपाहणीचा आदेश दिला. त्यांचा कारकून दिनदर्शिका चाळत म्हणाला, "पंधरा एप्रिल घेऊ? रस्ता चांगला असतो."

मागून बेबीबाईचा आवाज आला. "आषाढात या."

"पावसाळ्यात स्थळपाहणी होत नाही, बाई," कारकून तिला समजावू लागला. "तसा नियमच—"

"मंग दीडशे वरसं काय बघताय तुमी?"

शेलारबाईंनी स्वतः पेन घेऊन तारीख लिहिली. चौदा जुलै.

*

चौदा जुलैला आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं. ज्या ओढ्यातून फेब्रुवारीत नऊ गाड्या गेल्या होत्या त्यात आता छातीभर लाल पाणी होतं. अलीकडच्या काठावर आम्ही छत्र्या धरून उभे: शेलारबाई, कारकून, वकील, दादा आणि मी. मंडळातले बाकीचे आले नव्हते, त्यांना सर्दी झाली होती. पलीकडे पठारावर, झाडांच्या वर, अकरा ठिकाणांहून निळसर धूर निघत होता. पावसात तो वर चढत नव्हता, छपरांवरच रेंगाळत होता.

कारकुनाने प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून पंचनामा लिहायला घेतला आणि मोठ्याने म्हणू लागला, "ओढ्यास पूर असल्याने सदर जागी पोहोचता आले नाही. सबब वस्ती असल्याची खात्री..."

तेवढ्यात बेबीबाई आणि चार पुरुष पलीकडून दोर धरून उतरले आणि पाणी कापत आमच्यापाशी आले. दोराचं टोक त्यांनी अलीकडच्या जांभळीला बांधलं. बेबीबाईच्या केसांतून पाणी निथळत होतं.

"चला," ती शेलारबाईंना म्हणाली. "आमच्या बाया डोक्यावर तांदूल घेऊन अशाच जातात. दोर सोडू नका म्हंजे झालं."

शेलारबाईंनी पाण्याकडे पाहिलं. मग बूट काढले, कारकुनाच्या हातातला पंचनामा घेऊन फाडला आणि दोर धरला. कारकून काठावरच राहिला. मी पदर खोचला.

बेबीबाई दादापुढे गेली. तिने हात पुढे केला. आवाजात टोमणा नव्हता, निदान मला ऐकू आला नाही. घरी आलेल्या माणसाला बोलवावं तसं ती बोलली.

"दादा, गाव तुमचं ना? चला की."

दादाने तिच्या हाताकडे पाहिलं, पाण्याकडे, धुराकडे. मला वाटलं, धरेल. मी देवाला कधी काही मागत नाही, त्या क्षणी मागितलं, की हा बावळट माणूस एकदा तो हात धरू दे. त्याने छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाला, "माझे गुडघे..."

"उचलून नेतील," बेबीबाई म्हणाली. "म्हाताऱ्यांना आमी उचलूनच नेतो."

दादा एक पाऊल मागे सरला, मग वळला आणि गाडीत जाऊन बसला. काच वर गेली. गाडीच्या काचेवर पाणी इतकं होतं की आतलं त्याचं तोंड मला दिसलं नाही.

आम्ही पलीकडे गेलो. शेलारबाई पाण्यात दोनदा घसरल्या, भिजून चिंब झाल्या, आणि एकेका झोपडीत वाकून शिरत चूल, माणसं, नावं लिहीत गेल्या. त्रेचाळीस. दुपारपर्यंत त्रेचाळीस झाली, मग एक चव्वेचाळिसावं पाळण्यात सापडलं. मी नवव्या झोपडीत चुलीपाशी बसले आणि कुणीतरी हातात दिलेला कोरा चहा प्यायले. कुणी माझ्याशी फारसं बोललं नाही. ते योग्यच होतं.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. दप्तरातला 'बेचिराख' हा शेरा खोडून तिथे अकरा घरांची नावं चढली, दावा फेटाळला गेला. निकालात एक ओळ अशीही आहे: दावेदारास स्थळी नेण्याची तयारी रहिवाशांनी दाखवली असता त्यांनी नकार दिला.

दादाने माझ्याशी बोलणं टाकलं. राखीला मी फोन केला, वहिनींनी उचलला आणि तो झोपलाय म्हणाल्या; सकाळचे अकरा वाजले होते. मी त्या दिवशी खूप रडले, हे कबूल करायला मला लाज नाही. भाऊ एकच आहे.

मग दिवाळीत त्याचा निरोप आला. मंडळाला ग्रामशोधकाने दुसरं गाव काढून दिलंय, सातारच्या बाजूला, एका जुन्या वहीत पुराणिक नावाचा माणूस सापडलाय, आणि या वेळी डांबरी रस्ता थेट वेशीपर्यंत आहे. भूमिपूजनाला ये. झालं गेलं विसरू. खाली एक ओळ: फक्त तिथल्या चुली तपासू नकोस.

मी तो निरोप दोनदा वाचला. मग उत्तर पाठवलं.

येईन दादा. पावसाळ्यात येईन.